श्वासाची देवघेव



छांदोग्य उपनिषदात इंद्रियांच्या कलहाची एक कथा आहे. वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण या पाचांमध्ये श्रेष्ठ कोण, असा एकदा वाद उत्पन्न झाला आणि तो प्रजापतीपर्यंत गेला. ज्याच्या जाण्याने शरीराची सर्वांत अधिक दैना होईल तो तुमच्यांत श्रेष्ठ, असा त्याने निवाडा दिला. तेव्हा प्रथम वाणी निघाली. वर्षाने परत येऊन पाहते तो शरीर मुक्याप्रमाणे जगत होते. डोळे गेले, शरीर आंधळ्यासारखे जगले. कान गेले, ते बहिऱ्यासारखे जगले. मन गेले, तरी तान्ह्या लेकराप्रमाणे ते जगतच राहिले. अखेरीस प्राणाने निघण्याची तयारी केली. तो उंबरठ्याशी पोचतो न पोचतो तोच बाकीच्या चौघांचे पाय डळमळू लागले, आणि सर्वांनी हात जोडून त्याचे श्रेष्ठत्व मान्य केले.

शास्त्रातील प्राण हा शब्द पुष्कळ व्यापक आहे. नाकातून जाणारा-येणारा वारा म्हणजेच संपूर्ण प्राण असे कोणी म्हणत नाही. तथापि त्या प्राणाचे आपल्या डोळ्यांना दिसणारे, हाताला जाणवणारे काम कोणते, तर श्वासोच्छ्वास. ज्याच्यापुढे इतर इंद्रियांनी हात जोडले तो हा श्वास शरीरात करतो तरी काय, हे समजून घेणे म्हणजे देवाच्या करणीचेच एक प्रकारे चिंतन होय. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

प्रथम वाऱ्याची वाट पाहू. तिचे महाद्वार म्हणजे नाक. देवळात शिरण्यापूर्वी आपण पाय धुतो, त्याचप्रमाणे नाकात वायूची शुद्धी होते. तेथील केस मोठी धूळ अडवतात, ओलसर चिकट अस्तर बारीक धूळ धरून ठेवते, आणि आतील वळणदार कपाऱ्यांतून जाताना बाहेरचा गार, कोरडा वारा ऊबदार व दमट होतो. तोंडाने घेतलेल्या श्वासाला हे संस्कार पुरतेपणी घडत नाहीत. नाकातून वारा घशात येतो. येथे अन्नाची आणि वाऱ्याची वाट काही अंतर एकच आहे. पुढे वारा स्वरयंत्रातून श्वासनलिकेत जातो आणि अन्न अन्ननलिकेत. घास गिळताना स्वरयंत्राच्या तोंडावर एक लहानसे झाकण पडते आणि तेवढा क्षण श्वास थांबतो. बोलण्यासाठी मात्र तेच द्वार उघडे लागते. जेवताना मौन पाळावे ही वडीलधाऱ्यांची शिकवण किती विचारपूर्वक होती, हे यावरून कळेल.

श्वासनलिका साधारण अकरा-बारा सेंटिमीटर लांब असते. ती मिटू नये म्हणून तिच्याभोवती कूर्चेची कडी असतात. परंतु ही कडी पूर्ण गोल नसून मागच्या बाजूस उघडी असतात. तिला लागूनच मागे अन्ननलिका आहे. मोठा घास खाली उतरताना तिला फुगण्यास वाव मिळावा, एवढी सोय त्या रचनेत आहे. शेजाऱ्याला जागा ठेवून बांधलेले हे घर पाहिले की आपल्याकडील कुंपणाच्या भांडणांची लाज वाटते. छातीत आल्यावर नलिकेच्या दोन शाखा होतात. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड व डाव्याचे दोन. कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. प्रत्येक शाखेला उपशाखा, तिला पुन्हा उपशाखा, असे सुमारे २३ वेळा विभाजन होऊन अखेरीस वायुकोशांचे घोस लागतात. उलट्या टांगलेल्या वृक्षासारखी ही रचना आहे. वायुकोशांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात असते. ते सर्व उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. एखाद्या मध्यम सभामंडपाएवढे क्षेत्र परमेश्वराने दोन वितींच्या छातीत घडी घालून ठेवले आहे!

आता गंमत अशी की, फुप्फुसांना स्वतः हलून वारा ओढता येत नाही. त्यांच्या खाली, छाती आणि पोट यांच्यामध्ये, घुमटाच्या आकाराचा एक स्नायू आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. तो आकुंचन पावला की घुमट खाली उतरतो, फासळ्या वर आणि बाहेर सरकतात, छातीतील जागा वाढते आणि आतील हवेचा दाब किंचित कमी होतो. मग बाहेरचा वारा आपोआप आत येतो. स्नायू सैल पडला की फुप्फुसे आपल्या लवचिकपणाने आवळतात आणि वारा बाहेर जातो. म्हणजे जागा करून देणे एवढेच आपल्या देहाचे काम; जागा झाली की वारा येतोच. नामस्मरणाला बसणाऱ्याने ही गोष्ट मनाशी धरून ठेवण्यासारखी आहे.

वायुकोशात जे घडते तेच श्वसनाचे मर्म. कोशाची भिंत आणि तिला लगटून असलेल्या केशवाहिनीची भिंत, या दोन्ही मिळून एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतात. या पडद्याच्या एका बाजूस वारा आणि दुसऱ्या बाजूस रक्त. रक्तातील तांबडी पेशी विश्रांतीच्या स्थितीत येथे जेमतेम पाऊण सेकंद थांबते. उत्सवाच्या गर्दीत गाभाऱ्यासमोर आपल्याला याहून अधिक वेळ मिळतो. तेवढ्यात प्राणवायू पडद्यातून रक्तात उतरून त्या पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि रक्ताने सर्व शरीरातून गोळा करून आणलेला कर्बवायू, ज्याला शाळेच्या पुस्तकात कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो वायुकोशात येतो. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू शंभरात सुमारे २१ भाग असतो. बाहेर सोडलेल्या हवेत तो सुमारे १६ उरतो. कर्बवायू आत घेताना नाममात्र असतो. बाहेर येताना तो सुमारे ४ भाग होतो. घेतलेल्याचा अल्पसा अंश आपण ठेवतो, बाकीचे परत करतो, आणि वर आपल्याकडचेही काही देतो. श्वास ही अशी देवघेव आहे.

ही देवघेव आपल्या छातीशी संपत नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांनी १७७१ साली बंद भांड्यात मेणबत्ती जळू दिली. ती विझल्यावर त्या बिघडलेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती उत्तम जळली. प्राण्यांनी आणि ज्योतींनी बिघडवलेली हवा वनस्पती पुन्हा नीट करतात, हे त्यांना दिसून आले. आपण सोडलेला कर्बवायू सूर्यप्रकाशात झाडांचे अन्न होतो आणि झाडांनी सोडलेला प्राणवायू आपले जीवन होतो. येथे एक खुलासा करणे उचित वाटते. तुळस रात्रीही प्राणवायू सोडते, असे पुष्कळ भाविक मानतात. प्रकाश नसला की तुळसही इतर झाडांप्रमाणे प्राणवायू घेते आणि कर्बवायू सोडते. एवढ्याने तुळशीच्या पावित्र्याला काही बाध येत नाही. तिला आपण श्रद्धेने पाणी घालतो. त्या श्रद्धेला असत्याचा टेकू कशाला?

आता, हा श्वास चालवतो कोण? मेंदूच्या तळाशी, पाठीचा कणा जेथे सुरू होतो त्याच्या अगदी वर, श्वसनाचे नियंत्रण करणारे केंद्र आहे. आपण झोपलो तरी ते जागे असते. आपल्याला वाटते की प्राणवायूची उणीव भासली म्हणजे ते पुढचा श्वास मागते. वास्तविक निरोगी माणसात मुख्यतः रक्तातील कर्बवायूच्या वाढीवरून त्याला इशारा मिळतो. श्वास रोखून धरला असता जी घुसमट होते ती प्रामुख्याने या साठलेल्या कर्बवायूची असते. जे बाहेर टाकावयाचे आहे ते साठू लागले की देह अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थताच नव्या श्वासाला बोलावून आणते. आपल्या योगग्रंथांत दिवसरात्रीचे २१,६०० श्वास सांगितले आहेत. दिवसाची १,४४० मिनिटे धरून भागाकार केला तर मिनिटाला १५ श्वास होतात. आजचे शास्त्र प्रौढ मनुष्यास विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० श्वास सांगते. प्राचीनांनी किती बारकाईने पाहिले होते!

प्राणायामात दीर्घ आणि संथ श्वासाला एवढे महत्त्व का, याचाही हिशेब करता येतो. एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. पण त्यांतील सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि नलिका यांतच राहते, वायुकोशापर्यंत पोचत नाही. मिनिटाला १५ श्वास घेतले, तर प्रत्येकी ३५० प्रमाणे ५,२५० मिलिलिटर हवा कामी येते. आता कोणी घाईघाईने अर्धे-अर्धे, म्हणजे २५० मिलिलिटरचे, ३० श्वास घेतले. एकूण हवा तेवढीच, ७,५०० मिलिलिटर. परंतु कामी आली प्रत्येकी १०० प्रमाणे केवळ ३,०००. आणि कोणी सावकाश ७५० मिलिलिटरचे १० श्वास घेतले, तर ६,००० कामी आली. तीच हवा, तेच मिनिट. धांदलीने अर्ध्याहून अधिक लाभ दाराशीच वाया गेला. जपाचेही असेच आहे, हे सांगावयास नको. मात्र ज्यांना हृदयाचा वा रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी श्वास कोंडून धरण्याचे प्रकार जाणत्या वैद्याला विचारल्यावाचून करू नयेत.

आता या प्रवचनाच्या गाभ्याकडे वळू. दम्याच्या रोग्याला श्वास लागतो तेव्हा पाहणाऱ्यास वाटते, याला हवा आत घेता येत नाही. खरी अडचण पुष्कळ अंशी उलट असते. दम्यात बारीक श्वासवाहिन्यांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते आणि चिकट कफ दाटतो. श्वास घेताना छाती विस्तारते, तेव्हा या वाहिन्याही थोड्या उघडतात आणि वारा कसाबसा आत शिरतो. सोडताना त्या अधिकच आवळतात, वारा अडकतो. ती शीळ ऐकू येते ती मुख्यतः श्वास सोडतानाची. छाती जुन्या वाऱ्याने भरून राहते आणि नव्याला जागाच उरत नाही. सोडता येत नाही म्हणून घेता येत नाही. असा एक रात्रीचा दमा ज्याने घरात पाहिला आहे, त्याला त्याग या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. धान्य कोठारात, पैसा पेटीत, राग मनात आणि विद्या एकट्याच्या डोक्यात कोंडून ठेवणाऱ्याची अवस्था याहून निराळी नसते.

परंतु येथे देहाने एक मर्यादाही घालून दिली आहे. आपण कितीही जोर लावून श्वास बाहेर टाकला, तरी सुमारे १,२०० मिलिलिटर हवा फुप्फुसांत शिल्लक राहतेच. ती शिल्लक असते म्हणून वायुकोश एकमेकांना चिकटून मिटत नाहीत. गृहस्थाश्रमी माणसाला यात मोठा दिलासा आहे. संसार उघडा पडेल इतके देऊन टाकावे असे श्वास शिकवीत नाही. घर टिकण्यापुरते ठेवून उरलेले वाहते राहू द्यावे, एवढेच तो सांगतो.

तत्त्व सांगून झाले. आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, कारण त्यांवर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे.

पहिली गोष्ट दम्याच्या औषधाची. तोंडाने ओढावयाचा औषधी फवारा, ज्याला आपण पंप म्हणतो, त्याची आपल्या घरांतून फार भीती आणि त्याहून अधिक लाज आहे. त्याची सवय लागते, असे म्हणतात. उपवासाच्या दिवशी तो चालत नाही, असेही काही मानतात. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट ही की, विवाहयोग्य मुलीचा दमा लपवला जातो. मग ती सासरी चारचौघांसमोर औषध काढू धजत नाही आणि न्हाणीघरात दार लावून धापा टाकीत बसते. मातांनो, फवाऱ्यातील औषध थेट वाहिन्यांपर्यंत जाते, म्हणून गोळीच्या मानाने फारच अल्प मात्रा पुरते. ते अन्नही नव्हे आणि व्यसनही नव्हे. डॉक्टरांनी रोज घ्यावयास सांगितलेली मात्रा बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. प्राणायाम अवश्य करावा, पण औषधाच्या जागी नव्हे. ज्या प्राणापुढे वाणी आणि मनही नमले, त्याचे रक्षण करताना सुनेला खाली मान घालावी लागेल, असे घर आपले नसावे.

दुसरी गोष्ट शेगडीची. आपल्या ग्वाल्हेरच्या पौषातील थंडी सर्वांच्या परिचयाची आहे. दारे-खिडक्या घट्ट लावून, कोळशाची शेगडी उशाशी ठेवून निजण्याची चाल अजून पुष्कळ ठिकाणी आहे. अपुऱ्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट धरून बसते. मग प्राणवायूला त्या पेशीत आसनच मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेल्याला तर यांपैकी काहीच न कळता मृत्यू येतो. एकाच खोलीतील अनेकांना एकाच वेळी असे होऊ लागले, तर तत्काळ सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालय गाठावे. निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढावी. बंद न्हाणीघरात गॅसवर पाणी तापवण्याच्या यंत्राचाही हाच धोका आहे. थंडीला रजई आणखी एक घेता येते. श्वासाला दुसरा पर्याय नाही.

तिसरी गोष्ट धुराची. श्वासवाहिन्यांच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म केस असतात. ते लाटेप्रमाणे हलून धूळ आणि कफ वर घशाकडे ढकलीत राहतात. पहाटे देवळाचे अंगण झाडणाऱ्या सेवेकऱ्यासारखे हे त्यांचे काम अखंड चालते. तंबाखूच्या धुराने हे केस मंद होतात, कालांतराने नष्टही होतात. घरात ओढलेल्या विडीचा धूर तान्ह्या मुलाच्याही फुप्फुसात जातो, आणि ते बिचारे उठून बाहेर जाऊ शकत नाही.

चौथी गोष्ट आपल्या देवळाची आहे, आणि ती पुजाऱ्याच्या मुलाने सांगावी हे कोणास धारिष्ट्य वाटेल. गाभाऱ्याला एकच दार. आत समया, धूप, उदबत्त्या, कापूर, आणि बाहेर दाटीने उभे भक्तगण. धूर कितीही सुगंधी असला तरी वायुकोशाला तो धूरच. माझे तीर्थरूप अनेक वर्षे या गाभाऱ्यात सेवा करीत आहेत. थंडीत त्यांना खोकला धरू लागला तेव्हापासून त्यांनी स्वतःच धूपपात्र सभामंडपात, उघड्या दाराशी ठेवण्याचा प्रघात पाडला. देवाच्या उपचारात त्याने काही उणे आले, असे त्यांना वाटले नाही. भाविकांनीही मूठभर उदबत्त्यांऐवजी एकच लावावी. काकडआरतीला सभामंडपाची दोन्ही दारे उघडी असावीत. दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना दाराजवळची, वाऱ्याची जागा आपण होऊन द्यावी. होमहवन अंगणात करावे. श्वासासाठी जागा करून देणे हीही एक पूजाच आहे.

सज्जनहो, जन्माला आल्यावर आपण पहिली गोष्ट केली ती श्वास आत घेण्याची, आणि जाताना जे शेवटचे करू ते बहुधा तो सोडण्याचेच असेल. या दोन टोकांमधला प्रत्येक श्वास कोणाकडून तरी आलेला आहे, आणि तो कोणाला तरी जावयाचा आहे. माझा श्वास असे म्हणण्याइतका तो कधीच आपला नसतो. आजपासून रात्री निजताना पाच संथ श्वास घ्यावेत, ते घेताना घराची एक खिडकी उघडी आहे ना हे पाहावे, आणि घरातील कोणाचा श्वास जड चालला आहे का, याकडे कान द्यावा.

श्रीप्रभू आपणां सर्वांना दीर्घ आणि मोकळा श्वास देवो, ही त्याच्या चरणी प्रार्थना. इत्यलम्.